विषयाचा काल आणि पदवीचा काल : पुण्यातील विज्ञान व अभियांत्रिकी शाखांतील पीएच.डी. संशोधन

प्रास्ताविक

पीएच.डी. ही पदवी एकच असली, तरी तिच्यासाठी करावे लागणारे काम सर्व विषयांत सारखे नसते, हे कोणीही मान्य करील. तथापि नोंदणी, सहामाही प्रगती अहवाल, प्रबंध सादर करण्याची मुदत इत्यादींविषयीचे नियम सर्व विषयांना एकच असतात, आणि महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांत विषय निश्चित करताना बहुधा या नियमांचाच विचार होतो. प्रस्तुत लेखात निसर्गविज्ञाने व अभियांत्रिकी या शाखांतील पीएच.डी. संशोधनाकडे केवळ कालाच्या अंगाने पाहावयाचे आहे. अभ्यासविषय स्वतः किती वेळ मागतो, पदवीचे नियम किती वेळ देतात, आणि या दोहोंतील अंतर संशोधक कोणत्या मार्गांनी भरून काढतात, हा येथील प्रश्न आहे.

या विवेचनासाठी पुणे शहर विशेष सोयीचे आहे. इतक्या निरनिराळ्या ‘कालां’त काम करणाऱ्या संस्था एकाच शहरात क्वचितच आढळतात. अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १८५४ पासूनची आहे. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ मध्ये सुरू झाले. आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था १९४६ ची, पुणे विद्यापीठ १९४९ चे आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. त्यानंतर १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, १९८८ मध्ये आयुका आणि २००६ मध्ये आयसर यांची भर पडली. दीर्घकाळ यांपैकी अनेक प्रयोगशाळांतील विद्यार्थी काम प्रयोगशाळेत करीत आणि पदवी पुणे विद्यापीठाची घेत. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेला २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०११ च्या कायद्याने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र अकादमी स्थापन झाली, तेव्हा पदवी देणारी विद्यापीठे वाढली. महाविद्यालयांतील संशोधन केंद्रे मात्र विद्यापीठाशीच संलग्न राहिली.

पदवीचे वेळापत्रक

विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या किमान दर्जासंबंधी २००९, २०१६ व २०२२ असे तीन वेळा विनियम केले. २०२२ च्या विनियमांनुसार किमान कालावधी तीन वर्षांचा व कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे, तर महिला व दिव्यांग संशोधकांना त्याहून दोन वर्षे अधिक मिळू शकतात. किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि प्रत्येक सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते.

हे आकडे कागदावर उदार वाटतात. परंतु प्रवेशानंतरचा अभ्यासक्रम, विषयाची मान्यता व आराखडा यांत साधारणतः पहिले वर्ष जाते. शेवटचे वर्ष लेखन, तपासणी व सादरीकरण यांचे असते. म्हणजे सहा वर्षांतील प्रत्यक्ष निरीक्षणासाठी किंवा प्रयोगासाठी सुमारे चार वर्षे उरतात. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या भाषेत सांगावयाचे तर चार पावसाळे, आणि कृषिशास्त्रज्ञाच्या भाषेत चार रब्बी हंगाम.

नियमाने मोजलेला काल आणि कामाचा काल यांचे नाते पूर्वीही सरळ नव्हते. दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमलाबाई सोहोनी यांनी केंब्रिज येथे वनस्पतींच्या पेशींमधील सायटोक्रोम सी या द्रव्यासंबंधी केलेले संशोधन सुमारे चौदा महिन्यांत पूर्ण झाले. १९३९ मध्ये पदवी मिळालेला त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांच्या आसपासचा होता. जीवरसायनाच्या प्रयोगात उत्तर काही तासांत वा दिवसांत मिळते. प्रश्न नेमका असेल आणि हात तयार असेल, तर चौदा महिने पुरतात. याउलट अ‍ॅना मणी यांचे उदाहरण आहे. बंगळूर येथे सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे व माणिक यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम करताना त्यांना छायाचित्रण-काचेवर वर्णपट उमटण्यासाठी पंधरा-पंधरा, वीस-वीस तास थांबावे लागे. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले व प्रबंधही तयार झाला, परंतु एम.एस्सी. पदवी नसल्याच्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. पुढे १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या व हवामानमापक उपकरणे देशात तयार करण्याचे मोठे काम त्यांनी उभे केले. पदवीवाचून त्यांचे काही अडले नाही, हे खरे. पण त्या नियमाने नेमके काय मोजले, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

विषयाचे वेळापत्रक

सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी हे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. ती साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, सामुदायिक रीतीने फुलते. फळे धरली की झाडे वाळतात आणि पुढील पावसात नवी पिढी रुजते. कारवीच्या परागीभवनाचा अभ्यास हाती घेणाऱ्या संशोधकाला एका डोंगरावर आयुष्यात फारच थोड्या संधी मिळतात, आणि सहा वर्षांच्या नोंदणीत कदाचित एकही मिळणार नाही. यावर एक उपाय आहे. वेगवेगळ्या डोंगरांवरील कारवीची फुलण्याची वर्षे वेगवेगळी असू शकतात. पूर्वीच्या बहराच्या नोंदी जवळ असतील, तर आपल्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी कोठे बहर येण्याचा संभव आहे, हे आधी ठरविता येते. नोंदी नसतील, तर विषय मंजूर होतो, मुदत सुरू होते आणि कारवी हिरवीच राहते.

बांबूच्या बाबतीत हा पेच अधिकच बिकट आहे. बांबूच्या अनेक जाती काही दशकांतून एकदा फुलतात आणि मग मरतात. बी क्वचितच मिळत असल्यामुळे संकर करून नवे वाण तयार करणे जवळजवळ अशक्यच मानले जाई. येथे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एका कामाचा उल्लेख आवश्यक आहे. रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी व ए. एफ. मस्करेन्हस यांनी काटेरी कळकासारख्या जातींची रोपे ऊती संवर्धनाने काचपात्रात वाढविली. सायटोकायनिन वर्गातील संप्रेरक व नारळाचे पाणी मिसळलेल्या माध्यमात त्यांची पुनःपुन्हा लागण केल्यावर त्या रोपांना काही महिन्यांतच फुले आली व बीही धरले. १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. ज्या घटनेसाठी रानात माणसाची एक पिढी थांबावे लागते, ती प्रयोगशाळेच्या टेबलावर काही महिन्यांत घडली. त्या शोधाचे व्यावहारिक मूल्य हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तेथे काल हाच संशोधनाचा विषय झाला होता.

काल आखडून घेण्याची अशी युक्ती अनेक शास्त्रांत आढळते. गव्हाचा नवा वाण स्थिर होण्यास संकरानंतर सहा-सात पिढ्या लागतात आणि महाराष्ट्रात वर्षाला एकच रब्बी हंगाम मिळतो. म्हणून गहू-पैदासकार उन्हाळ्यात निलगिरीतील वेलिंग्टनसारख्या थंड ठिकाणी पेरणी करून एका वर्षात दोन पिढ्या काढतात. तरीही एका विद्यार्थ्याने एका नोंदणीत शून्यापासून वाण तयार करणे संभवत नाही. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी वाढवीत आणलेल्या संकरसंततीवर तो आपले चार हंगाम खर्च करतो, आणि त्याची संतती पुढच्याच्या उपयोगी पडते. आघारकर संस्थेसारख्या ठिकाणी गव्हावर जे प्रबंध होतात, ते अशा साखळीतील एकेक कडी असतात. केवळ एका प्रबंधाची पाने चाळून त्यामागचे काम कळत नाही.

अभियांत्रिकीतील सर्वांत सुबक उदाहरण खडकवासल्याचे आहे. नदी, धरणाचा सांडवा किंवा बंदर यांची लहान प्रतिकृती करून तीत पाणी खेळविले, तर ज्या प्रवाहांत गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव मुख्य असतो, तेथे कालाचे प्रमाण लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाइतके येते. म्हणजे सर्व दिशांनी सारख्याच प्रमाणात शंभरपट लहान केलेल्या प्रतिकृतीत काल दहापट आखडतो. नदीतील दहा तासांचा पूर एका तासात पाहून होतो, आणि तो पुन्हा पुन्हा आणता येतो. नदी ही सवलत देत नाही.

काँक्रीटचे मात्र तसे नाही. अठ्ठावीस दिवसांची दाबक्षमता हे प्रचलित मानक आहे, आणि त्यामुळे स्थापत्य अभियांत्रिकीतील काम झटपट उरकते असा समज आढळतो. परंतु फ्लाय ॲश किंवा झोतभट्टीची मळी मिसळलेल्या काँक्रीटची ताकद सावकाश वाढते. टिकाऊपणाविषयी काही म्हणावयाचे असेल, तर नव्वद, एकशे ऐंशी व तीनशे पासष्ट दिवसांच्या चाचण्या घ्याव्या लागतात. एका मिश्रणाची वर्षभराची चाचणी, तीत काही चुकले तर पुन्हा एक वर्ष, असा हिशेब मांडला की चार वर्षांत किती मिश्रणे बसतात, ते बोटांवर मोजता येते. मंजुरीसाठी आलेल्या आराखड्यात अशी वीस मिश्रणे दिसली, तर समितीने तेथेच थांबावयास हवे.

संश्लेषणाच्या रसायनशास्त्रात परिस्थिती पुष्कळच सुसह्य असते. अभिक्रिया दिवसांत होते, वर्णपट काढता येतो, अपयशही लवकर कळते. तेथे खरा विलंब होतो तो उपकरणाचा. महाविद्यालयातून नमुना पाठवून निष्कर्ष हाती येईपर्यंत जाणारे आठवडे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसतात. गणिताविषयी तर बोलणेच कठीण. तेथे उपकरण नाही, हंगाम नाही आणि म्हणून अंदाजही नाही. पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर यांनी हार्वर्ड येथील पदवीच्या कामातच बैजिक पृष्ठांवरील एक अवघड प्रश्न सोडविला, ही १९५५ ची गोष्ट. पण असे काम कोणत्या सत्राच्या अहवालात कसे दाखवावयाचे?

साठविलेला काल

वरील उदाहरणांत काल आखडून घेण्याचा मार्ग दिसला. दुसरा मार्ग असा की, इतरांनी पूर्वी खर्च केलेला काल उपयोगात आणावयाचा. वस्तुतः मंदगती विषयांत सहा वर्षांत पीएच.डी. होऊ शकते, ती यामुळेच.

हवामानशास्त्र घ्या. चार वर्षांत विद्यार्थी स्वतः चार मोसमी पाऊस पाहील. १९८८ ते २००१ या दीर्घ काळात देशव्यापी अवर्षणाचे एकही वर्ष नव्हते, ते २००२ मध्ये आले. म्हणजे १९९० ते १९९५ या काळात अवर्षणावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या नोंदणीच्या मुदतीत तसे एकही वर्ष पाहिले नसणार. तरीही त्याचे काम अडत नाही, कारण उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ३०६ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून १८७१ पासूनची मासिक पर्जन्यमाला सिद्ध केली आहे. कोणा अनामिक कारकुनाने रोज सकाळी मोजून वहीत लिहिलेला पाऊस आज प्रबंधाचा आधार होतो.

वनस्पतींच्या बाबतीत हेच काम शुष्क नमुन्यांचे संग्रह करतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय व त्याचा संग्रह पुण्यात आहे. आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संवर्धसंग्रह आहे. एखादी जाती पूर्वी कोठे, कोणत्या महिन्यात फुलली होती, हे नमुन्यावरील चिठ्ठीवरून कळते, आणि कारवीच्या अभ्यासकाला जे हवे ते नेमके हेच. येथे एक गोष्ट सहज आठवते. १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या प्रसिद्ध वनस्पतिकोशाचे कर्ते थिओडोर कुक हे पुण्याच्या त्या वेळच्या ‘कॉलेज ऑफ सायन्स’चे, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पूर्वरूपाचे, प्राचार्य होते. निसर्गविज्ञान आणि अभियांत्रिकी यांमधील भिंत तेव्हा आजच्याइतकी उंच नव्हती.

खगोलशास्त्रातील उदाहरण अलीकडचे आहे. नारायणगावजवळील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. त्यांतील चौदा मध्यभागी आणि सोळा तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पल्ल्यात विखुरलेल्या आहेत. निरीक्षणासाठी वर्षातून दोन वेळा प्रस्ताव मागविले जातात व समिती त्यांतून वेळ वाटून देते. प्रस्ताव नाकारला गेला, तर सहा महिने गेले. पण या दुर्बिणीची निरीक्षणे काही मुदतीनंतर संग्रहातून सर्व अभ्यासकांना खुली होतात. त्यामुळे दुर्बिणीचा एकही तास न मिळविता, जुन्या निरीक्षणांचे नव्या प्रश्नाच्या दृष्टीने विश्लेषण करून प्रबंध लिहिणे शक्य असते. आयुका ही संस्था विद्यापीठे व महाविद्यालये यांतील शिक्षकांसाठीच आयोगाने काढली, आणि तिची सहयोगी-सदस्यत्वाची योजना याच उपयोगाची आहे. भौतिकशास्त्राच्या महाविद्यालयीन शिक्षकांनी हिचा पुरेसा लाभ घेतलेला नाही, असे माझे मत आहे.

महाविद्यालयीन शिक्षकाचे वर्ष

येथवर विषयाचा व पदवीचा असे दोन काल पाहिले. सेवेत राहून संशोधन करणाऱ्या शिक्षकाला तिसराही काल सांभाळावा लागतो, तो महाविद्यालयाच्या वर्षाचा. कास किंवा पुरंदर परिसरातील पठारांवरची वनश्री जून ते ऑक्टोबर या काळात फुलते. नेमके तेच पहिले सत्र असते, प्रवेश, तासिका, प्रात्यक्षिके व परीक्षा यांनी गच्च भरलेले. दिवाळीची सुटी लागते तेव्हा पठारावरील गवत पिवळे पडलेले असते आणि मे महिन्यात तर पाहावयास काही उरत नाही. क्षेत्रीय वनस्पतिशास्त्राचा विषय घेणाऱ्या शिक्षकाला रविवारखेरीज दिवस नाही, म्हणजे एका पावसाळ्यात फार तर वीस दिवस. चार पावसाळ्यांचे ऐंशी दिवस झाले. पूर्णवेळ विद्यार्थी हे काम एका मोसमात करतो. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाची शिक्षक अधिछात्रवृत्ती होती. तिच्यात शिक्षकाला पगारी रजा मिळे आणि त्याच्या जागी बदली शिक्षक नेमता येई. त्या सोयीचे महत्त्व ती नसताना अधिक जाणवते.

याचा अर्थ शिक्षकाने क्षेत्रीय विषय घेऊ नये असा नाही. संग्रहातील नमुन्यांवरील काम, पूर्वीच्या निरीक्षणांचे विश्लेषण, गणिती प्रतिमाने, दीर्घ चाचण्या ज्यांत नमुना स्वतःच पाण्यात पडून असतो व शिक्षकाला ठरावीक दिवशीच हजर राहावे लागते, असे विषय त्याच्या वर्षात चांगले बसतात. काँक्रीटचा जो संथपणा पूर्णवेळ विद्यार्थ्याला जाचतो, तोच अर्धवेळ शिक्षकाच्या पथ्यावर पडतो. मार्गदर्शकाने विषय सुचविताना हे पाहिले पाहिजे. प्रत्यक्षात बहुधा मार्गदर्शकाचा स्वतःचा विषयच थोडा बदलून शिष्याच्या वाट्याला येतो.

शोधनिबंधांची अट आणि तिचे परिणाम

२००९ च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आवश्यक केले. २०१६ मध्ये त्यास परिषदांतील दोन सादरीकरणांची जोड मिळाली. दरम्यान शिक्षकांच्या पदोन्नतीसाठीही निबंधांची गणना होऊ लागली. वेगवान विषयांत ही अट त्रासदायक नव्हती. ज्याची निरीक्षणे तीन मोसमांनंतरच अर्थपूर्ण होतात, त्याला मात्र अपुऱ्या सामग्रीवर निबंध लिहिणे भाग पडले, आणि अपुरा निबंध छापणारी नियतकालिके लवकरच उपलब्ध झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्य यादीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असल्याचा त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर नियतकालिके यादीतून वगळली. पुढे पुणे विद्यापीठातच केंद्र असलेली ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपविली.

२०२२ च्या विनियमांत शोधनिबंधाची सक्ती राहिलेली नाही. या बदलाचे स्वागत करताना एवढेच ध्यानात ठेवावयाचे की, सक्ती गेली तरी सवय जात नाही. सल्लागार समितीपुढे ‘किती निबंध झाले?’ हा प्रश्न अजूनही पहिला येतो. त्याऐवजी ‘किती हंगाम हाती आले, किती उरले, आणि एक वाया गेला तर काय करणार?’ असे विचारले, तर विज्ञान शाखेतील निम्म्या तरी अडचणी पहिल्या दोन सत्रांत उघड होतील.

आणखी एका बाबीकडे संशोधन केंद्रांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. प्रबंधाची प्रत आता ‘शोधगंगा’ संचयावर जाते व सर्वांना वाचता येते. पण तिच्यामागील क्षेत्रवह्या, वाळविलेले नमुने, चाचण्यांची कच्ची नोंद, फसलेल्या मिश्रणांचे आकडे यांपैकी काहीच तेथे जात नाही. मोठ्या संस्थांत ते प्रयोगशाळेत राहते. महाविद्यालयात मात्र संशोधक निवृत्त झाला की कपाट रिकामे करून दिले जाते. विभागात एक नोंदवही ठेवून प्रत्येक संशोधकाने पदवीनंतर आपली मूळ सामग्री, स्थळांची नावे व तारखांसह, विभागाच्या स्वाधीन करावी, असा साधा नियम महाविद्यालयाला स्वतःच्या अधिकारात करता येतो. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक कुलूप असलेले कपाट आणि त्याची किल्ली कोणाकडे राहील, याचा निर्णय पुरेसा आहे.